आधी विचारा, प्रकाश कोणता?

हळदीचा डाग साबणाने जात नाही, उन्हाने जातो, हे घराघरांत माहीत असतं. आमटीचा ओघळ पडलेला शर्ट धुतला तरी डाग तिथेच असतो. तोच शर्ट ओला असताना कडक उन्हात वाळत घातला की संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो. कारण विचारलं तर बहुतेक जण सांगतात, उन्हाच्या तापाने रंग उडतो. पण ताप हे कारण असतं तर इस्त्रीनेही डाग जायला हवा होता. इस्त्री उन्हापेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि हळद तिला दाद देत नाही.

डाग उजेडाने जातो, आणि तोही सगळ्या उजेडाने नव्हे. हळदीतलं कुर्कुमिन हे रंगद्रव्य ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे निळा-जांभळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं. निळा भाग गेला की उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. शोषलेल्या त्या प्रकाशाच्या एकेका कणात कुर्कुमिनच्या रेणूची मोडतोड सुरू करण्याइतकी ऊर्जा असते, आणि मोडलेल्या रेणूला रंग राहत नाही. लाल प्रकाशाच्या कणात तेवढी ऊर्जाच नसते, त्यामुळे लाल दिव्याखाली तो शर्ट आठवडाभर ठेवला तरी हळद हलणार नाही.

प्रकाशाबद्दल आपण नेहमी ‘किती’ विचारतो. किती प्रखर, किती वॅटचा, किती वेळ. त्याआधी ‘कोणता’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घेतली तर उन्हाचा गॉगल घेताना, बाळाला कावीळ झाल्यावर, मोबाइलच्या टॉवरवरून सोसायटीत वाद पेटल्यावर किंवा छतावर सौर पॅनेल बसवताना नेमकं काय बघायचं ते स्पष्ट होतं. ही सवय कशी लावायची, आणि त्यामागचा नियम स्वतःच्या हातांनी कसा तपासायचा, ते इथे सांगतो.

नियम एका ओळीचा आहे. प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा ही प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता इतकी असते. वारंवारता दुप्पट, तर कणाची ऊर्जा दुप्पट. प्लांकचा स्थिरांक ६.६२६ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात ज्यूल-सेकंद इतका लहान आहे. हा आकडा पाठ करून रोजच्या व्यवहारात काही साधत नाही. त्यापेक्षा १२४० हा आकडा लक्षात ठेवा. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घ्या, १२४०ला तिने भागा, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, म्हणजे इतकी लहान ऊर्जा मोजायच्या एककात येतं. ७०० नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश: १.७७. ५३० नॅनोमीटरचा हिरवा: २.३४. ४०० नॅनोमीटरचा जांभळा: ३.१. त्यापुढे डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश येतो. ३१० नॅनोमीटरला ऊर्जा ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते. तरंगलांबी कमी म्हणजे वारंवारता जास्त, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

मोबाइल, वाय-फाय, रेडिओ यांच्यासाठी वारंवारता सांगितलेली असते. तिथे गिगाहर्ट्झच्या आकड्याला ४.१४ने गुणा. उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दशलक्षांशात, म्हणजे दहा लाखाव्या भागात येतं.

या आकड्यांची तुलना कशाशी करायची? दोन खुणा पुरतात. आपल्या शरीरातले आणि भोवतालच्या सेंद्रिय पदार्थांतले सर्वसाधारण रासायनिक बंध तुटायला साधारण ३ ते ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. कार्बन-कार्बन या साध्या बंधाला सुमारे ३.६. रेणूतून इलेक्ट्रॉनच उडवून लावायचा असेल तर १० ते १२च्या पुढे जावं लागतं. दृश्य प्रकाश पहिल्या खुणेच्या उंबरठ्यावर थांबतो, अतिनील ती ओलांडतो आणि क्ष-किरण दोन्ही खुणा मागे टाकून हजारोंच्या घरात जातात.

इथे एक शंका हमखास येते. एका कणाची ऊर्जा कमी पडत असेल तर जास्त कण पाठवू, भरपूर प्रखर प्रकाश टाकू. शेवटी बेरीज होईलच ना? कोकणात उंच फांदीवरचा आंबा झेल्याने काढतात. झेल्याची काठी आंब्यापर्यंत पोहोचत नसेल तर तसल्याच आखूड काठ्या घेतलेली आणखी शंभर माणसं बोलावली तरी आंबा खाली येत नाही. एकाची काठी पुरेशी लांब असली की काम होतं. वारंवारता ही काठीची लांबी आहे, प्रखरता ही माणसांची संख्या. एक मिलिवॅटच्या हिरव्या लेझर पॉइंटरमधून दर सेकंदाला सुमारे २७ कोटी कोटी फोटॉन बाहेर पडतात. तेवढ्याच शक्तीच्या लाल पॉइंटरमधून त्याहून जास्त, सुमारे ३३ कोटी कोटी, कारण लाल कण स्वस्त असतो आणि त्याच ऊर्जेत जास्त कण बसतात. तरीही जे काम एका हिरव्या कणाला जमतं ते लालच्या त्या सगळ्या गर्दीला जमेलच असं नाही. याला एक खरा अपवाद आहे. मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ साली आपल्या प्रबंधात दाखवलं होतं की एकच रेणू एकाच क्षणी दोन फोटॉन गिळू शकतो. पण त्यासाठी इतका तीव्र प्रकाश लागतो की लेझर आल्यावर, १९६१ मध्ये, ते प्रत्यक्ष पाहता आलं. घरात, रस्त्यावर, रुग्णालयात आपल्याला भेटणाऱ्या दिव्यांसाठी तो अपवाद बाजूला ठेवायला हरकत नाही.

प्रखरता वाढवून एकेका कणाची ऊर्जा वाढत नाही, हे मान्य करायला शास्त्रज्ञांनाही जड गेलं होतं. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, याची पहिली चाहूल हाइनरिश हर्ट्झ यांना १८८७ मध्ये लागली. फिलिप लेनार्ड यांनी १९०२ मध्ये प्रकाशाची प्रखरता हजारपट बदलून पाहिली. इलेक्ट्रॉनांची संख्या वाढली, पण सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनाचा वेग जिथल्या तिथे. लाटांच्या जुन्या कल्पनेत याला जागाच नव्हती. प्लांक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये ऊर्जा ठरावीक हप्त्यांत मोजली होती, पण ती तापलेल्या वस्तूंच्या किरणोत्साराचं गणित जुळावं म्हणून. प्रकाश स्वतःच असा सुट्या हप्त्यांचा बनलेला आहे असं म्हणण्याचं धाडस १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी केलं. नोबेल पारितोषिक त्यांना सापेक्षतेसाठी नव्हे, या कामासाठी मिळालं.

मला या इतिहासात सर्वांत मोठे वाटतात ते रॉबर्ट मिलिकन. आइनस्टाइनचं म्हणणं त्यांना पटलेलं नव्हतं. ते खोडून काढण्याच्या इराद्याने त्यांनी जवळजवळ दहा वर्षं घालवली. सोडियम, पोटॅशियम, लिथियम यांच्या पृष्ठभागांवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर बसतो म्हणून निर्वात नळीच्या आत धातू खरवडण्याची सोय केली आणि वेगवेगळ्या वारंवारतांचे प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन थोपवायला किती व्होल्ट लागतात ते मोजलं. आलेखावर एक सरळ रेषा आली. त्या रेषेच्या चढातून प्लांकचा स्थिरांक निघाला, तो आजच्या किमतीपासून एक टक्क्याच्या आत. १९१६ मध्ये त्यांनी आपल्या मताविरुद्ध गेलेला हा निकाल जसाच्या तसा छापला. त्यांना मिळालेल्या १९२३च्या नोबेलमध्ये या कामाचाही वाटा आहे. पुढे दिलेला घरगुती प्रयोग म्हणजे त्याच सरळ रेषेची छोटी आवृत्ती आहे.

आता घराकडे येऊ.

उन्हाचा चटका हा अतिनील किरणांचा मापक नाही, ही गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की करा. कातडीला जे गरम लागतं ते मुख्यतः अवरक्त, म्हणजे लालपेक्षा कमी वारंवारतेच्या न दिसणाऱ्या, आणि दृश्य प्रकाशामुळे. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटा जेमतेम पाचेक टक्के असतो, आणि तो जाणवतच नाही. पण ३०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये ४.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात आणि पेशीतला डीएनए ते शोषून घेतो. शेजारशेजारच्या घटकांची चुकीची गाठ बसते. म्हणून महाबळेश्वरच्या गार वाऱ्यात दिवसभर फिरून आलेल्यांचं नाक सोलतं. उंचीबरोबर अतिनीलचं प्रमाण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतं आणि थंड हवा त्यात काडीचीही घट करत नाही. पातळ ढगांतूनही त्याचा बराच भाग खाली येतो.

मग ओळखायचं कसं? स्वतःची सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील जोरात आहे असं समजा. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्यात भर दुपारी सावली पायाखाली येते, तेव्हा अतिनील निर्देशांक ११च्या वर जातो आणि ती पातळी जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात सर्वांत वरची आहे. शेतावर, बांधकामावर, वाहतूक चौकात उभं राहणाऱ्यांना सावलीत बसा असं सांगून भागत नाही. त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या आणि घट्ट विणीचं कापड हेच खरं संरक्षण. आपल्या कातडीतलं मेलॅनिन काही प्रमाणात सांभाळून घेतं. डोळ्याच्या भिंगाला मात्र ते संरक्षण नाही, आणि मोतीबिंदूच्या कारणांमध्ये वर्षानुवर्षांचं ऊन धरलं जातं.

गॉगल घेताना काच किती काळी आहे ते बघू नका. काळेपणा म्हणजे दृश्य प्रकाश किती अडवला एवढंच. अतिनील न अडवणारा काळा गॉगल उलट जास्त घातक, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि आत जायला वाट रुंद मिळते. ‘यूव्ही ४००’ असं लिहिलेलं असेल तर ४०० नॅनोमीटरपर्यंतचं सगळं अतिनील अडवलं जातं, असा त्याचा अर्थ. विश्वासाच्या दुकानातून घेतलेली जवळजवळ रंगहीन काचही हे काम करू शकते.

खिडकीच्या काचेबद्दल दोन उलट गैरसमज दिसतात. साधी काच ३१५ नॅनोमीटरच्या खालचं अतिनील ब जवळजवळ पूर्ण अडवते, पण ३१५च्या वरचं अतिनील अ बऱ्याच प्रमाणात आत सोडते. म्हणून खिडकीशेजारचे पडदे आणि पुस्तकांच्या पाठी काचेआडही विटतात. आणि म्हणूनच बंद काचेच्या गॅलरीत आरामखुर्ची टाकून ऊन खाणाऱ्या आजीला ड जीवनसत्त्व मिळत नाही. ते तयार व्हायला २९० ते ३१५ नॅनोमीटरचे फोटॉन लागतात, काच नेमके तेच बाहेर ठेवते. गॅलरीत ऊब भरपूर असते, ती आणखी तासभर घेतली तरी उपयोग शून्य. तावदान उघडा. सकाळी सातचं कोवळं ऊन सुखाचं असतं, पण त्या वेळी किरण तिरपे येतात आणि वातावरणाच्या जाड थरात हा भाग गळून जातो. सूर्य थोडा वर आल्यावर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसणं जास्त कामाचं. किती वेळ, ते वय, कातडी आणि औषधं बघून डॉक्टरच सांगतील.

रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांतली वेल्डिंगची ठिणगी मुलं थांबून बघतात. त्या कमानीतून २८० नॅनोमीटरच्या खालचा अतिनीलही निघतो, जो सूर्यप्रकाशातून येताना वातावरणातच अडतो आणि आपल्यापर्यंत कधी पोहोचत नाही. डोळ्याचं बुबुळ वरून भाजतं, त्या वेळी काही कळत नाही, आणि सहा-आठ तासांनी, बहुधा रात्री झोपेत, डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या वेदना सुरू होतात. वेल्डर स्वतः तोंडावर फेसशील्ड धरतो. बाजूला लोखंड धरून उभा असलेला पोऱ्या मात्र नुसता तोंड फिरवतो किंवा साधा गॉगल लावतो. त्यालाही योग्य काच द्यायलाच हवी. दुकानदाराला हे सांगायला कुणी संकोच करू नये.

याच पट्ट्यातला २५४ नॅनोमीटरचा प्रकाश, ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, पाणी शुद्ध करायच्या यंत्रातल्या नळीत वापरतात. जंतूंचा डीएनए बिघडवून तो त्यांची वाढ थांबवतो. या नळीची जी निळसर झाक दिसते ती पाऱ्याच्या वाफेतून निघणारा बाकीचा दृश्य प्रकाश. जंतू मारणारा भाग दिसत नाही. निळी झाक आहे म्हणजे काम चालू आहे असं धरून चालू नका, नळी ठरलेल्या मुदतीत बदला आणि तिच्याभोवतीच्या क्वार्ट्‌झच्या आवरणावर क्षार साचले असतील तर ते साफ करून घ्या, नाहीतर प्रकाश पाण्यापर्यंत पोहोचत नाही. उघड्या नळीकडे कधीही बघू नका. करोनाच्या काळात निर्जंतुकीकरणाच्या म्हणून विकल्या गेलेल्या छोट्या पेट्या आणि काड्या अजून अनेक घरांत आहेत. त्यावर तरंगलांबी लिहिलेली नसेल तर तो निव्वळ जांभळा दिवा असण्याची शक्यता धरा. ४०० नॅनोमीटरचा जांभळा आणि २५४चा अतिनील यांच्यात काही क्षणांत जंतू मारण्याच्या कामात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

नवजात बाळाच्या कावीळीकडे मी मुद्दाम जास्त लक्ष वेधतो. बाळ पिवळं दिसतं ते बिलिरुबिनमुळे, आणि पिवळं दिसतं म्हणजे, हळदीसारखंच, ते निळं शोषतं. इंग्लंडमध्ये रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात १९५६ मध्ये सिस्टर वॉर्ड यांच्या लक्षात आलं की ज्या बाळांना त्या उन्हात फिरवून आणत त्यांचा उघडा भाग कमी पिवळा असतो, दुपट्याने झाकलेला भाग मात्र तसाच पिवळा राहतो. त्याच रुग्णालयात खिडकीत राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातलं बिलिरुबिनही घटलेलं आढळलं. १९५८ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी यावरून प्रकाशोपचार मांडला. आज बाळाला ज्या निळ्या दिव्यांखाली ठेवतात त्यांची तरंगलांबी ४६० ते ४९० नॅनोमीटर, ऊर्जा साधारण २.५ ते २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एवढ्याने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि तो शरीराबाहेर टाकला जातो. हा प्रकाश अतिनील नाही. आजी-आजोबांना तो अतिनील असल्याची भीती वाटते, त्यांना हे समजावून सांगा. बाळाचे डोळे झाकतात ते इतक्या प्रखर निळ्या उजेडापासून जपायला. घरी कोवळ्या उन्हात ठेवून काम भागेल का, हा प्रश्नही नेहमीचा. उन्हात निळा भाग असतो, पण त्याबरोबर अतिनील आणि ताप येतात आणि किती मात्रा मिळाली ते कळत नाही. वाढलेलं बिलिरुबिन बाळाच्या मेंदूला कायमची इजा करू शकतं. डॉक्टरांनी दिव्याखाली ठेवायला सांगितलं तर ऊन हा पर्याय नव्हे.

मोबाइलच्या बाबतीत हाच नियम उलट्या बाजूने धीर देतो. वाय-फायचे २.४ गिगाहर्ट्झ घ्या, ४.१४ने गुणा: इलेक्ट्रॉन-व्होल्टचे सुमारे दहा दशलक्षांश. आपल्याकडे ५जीसाठी लिलावात दिलेल्या सर्वांत वरच्या पट्ट्यात, २६ गिगाहर्ट्झला, हा आकडा दहाहजारांशापर्यंत जातो. याउलट माणसाच्या अंगातून ऊब म्हणून सतत निघणारा अवरक्त प्रकाश सुमारे १० मायक्रोमीटरचा असतो, त्याचा एकेक कण ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. शेजारी बसलेल्या माणसाकडून येणारा फोटॉन त्या ५जी फोटॉनच्या हजारपट ताकदीचा. असा कण रेणूचा बंध तोडू शकत नाही. म्हणून ‘टॉवरचं रेडिएशन’ आणि ‘क्ष-किरणांचं रेडिएशन’ या दोन्हींना एकाच भीतीच्या दोरीत बांधणं चुकीचं आहे.

इथे ‘किती’ हा प्रश्न मात्र सोडायचा नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो आणि भात गरम करतो, कारण तिथे बंद पेटीत शेकडो वॅट ओतलेले असतात आणि त्या असंख्य दुबळ्या कणांची बेरीज उष्णता म्हणून होते. बंध तोडताना बेरीज चालत नाही, तापवताना चालते. मोबाइलवरच्या मर्यादाही या तापण्यावरच बेतलेल्या आहेत. भारतात हँडसेटसाठी ती १.६ वॅट प्रतिकिलो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे, हेही सांगायला हवं. काळजी वाटत असेल तर इअरफोन लावून बोला आणि सिग्नल क्षीण असताना लांब बोलणं टाळा, कारण त्या वेळी फोन जास्त शक्तीने प्रक्षेपण करतो.

मोबाइलच्या पडद्यातला निळा प्रकाश ४५० नॅनोमीटरचा, २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. कण दमदार आहे, पण मात्रा दिवसाच्या आकाशाच्या मानाने नगण्य. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो का, याचा, वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात विशेष पुरावा सापडला नाही. त्यासाठी जादा पैसे देऊ नका. झोपेआधी पडदा मंद करा, ते फुकट आहे.

सौर पॅनेलबद्दल थोडक्यात. सिलिकॉनला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे ११०० नॅनोमीटरपलीकडचा अवरक्त प्रकाश वीज बनवण्यासाठी वाया जातो. निळ्या फोटॉनकडे दुप्पट ऊर्जा असली तरी तोही एकच इलेक्ट्रॉन सोडवतो, उरलेली ऊर्जा पॅनेल तापवते. तापलेलं पॅनेल कमी वीज देतं, म्हणून छत आणि पॅनेल यांच्यामध्ये हवा खेळायला जागा ठेवून घ्या.

आता स्वतः तपासून बघायचं. सर्वांत सोपा प्रयोग हळदीचा. पांढऱ्या सुती कापडाच्या तीन पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. एक उघड्या उन्हात ठेवा, दुसरीवर लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार थर ताणून बसवा, तिसरी पुठ्ठ्याखाली झाकून त्याच उन्हात ठेवा, म्हणजे ताप तिलाही मिळेल. संध्याकाळी तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघा. दुसरा प्रयोग रात्रीचा. अंधारात चमकणारे जे चांदण्यांचे स्टिकर मुलं छताला लावतात, त्यातला एक घ्या, पुठ्ठ्याच्या डब्यात दिवसभर ठेवून त्याची चमक पूर्ण विझू द्या. मग त्यावर लाल लेझर पॉइंटर मिनिटभर धरा. अंधारात काही दिसणार नाही. नोटा तपासायचा छोटा जांभळा टॉर्च दोन सेकंद फिरवा, स्टिकर हिरवा उजळतो. हिरव्या कणाला २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट द्यायचे तर आधी त्याहून जास्त मिळायला हवेत, लालकडे ते नाहीत. पॉइंटर कुणाच्याही डोळ्यांवर जाणार नाही याची काळजी घ्या.

तिसरा प्रयोग अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी. रामन यांच्या शोधाच्या आठवणीत २८ फेब्रुवारीला शाळा-महाविद्यालयांत विज्ञान प्रदर्शन भरतं. प्रकाशाचा कण रेणूला थोडी ऊर्जा देऊन कमी वारंवारतेने बाहेर पडतो, हेच रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलं. त्या दिवशी मांडायला हा प्रयोग शोभून दिसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत लाल, पिवळा, हिरवा, निळा आणि जमल्यास ४०० नॅनोमीटरचा जांभळा, असे पारदर्शक डोक्याचे एलईडी मागा. रंगीत प्लास्टिकचे नकोत, आणि पांढरा तर मुळीच नको, कारण पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच एलईडी असतो आणि त्यावरचा पिवळा लेप काही निळ्या कणांचे पिवळे कण करतो. प्रत्येकाची तरंगलांबी दुकानदाराकडून लिहून घ्या. शिवाय ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचं पोटेन्शिओमीटर, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल.

बॅटरी पोटेन्शिओमीटरच्या दोन टोकांना जोडा. मधल्या पायापासून रेझिस्टर, मग एलईडी, मग बॅटरीचं ऋण टोक. अनेक पुस्तकांत एलईडी नुकताच उजळताना व्होल्ट वाचा असं लिहिलेलं असतं, पण आपला डोळा लालपेक्षा हिरव्याला कितीतरी जास्त संवेदनशील आहे, त्यामुळे ते वाचन रंगानुसार घसरतं. त्यापेक्षा मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा आणि बटण हळूहळू फिरवून नेमके १० मिलिव्होल्ट आणा. म्हणजे प्रत्येक एलईडीतून सुमारे २१ मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह वाहील. मग बटण न हलवता मल्टिमीटर २० व्होल्टवर घेऊन एलईडीची दोन टोकं मोजा.

समजा ६३० नॅनोमीटरच्या लाल एलईडीला १.६५ व्होल्ट आले आणि ४७० नॅनोमीटरच्या निळ्याला २.३५. वारंवारता अनुक्रमे ४७६ आणि ६३८ टेराहर्ट्झ. व्होल्टमधला फरक ०.७०, वारंवारतेतला १६२ टेराहर्ट्झ. भागाकार ४.३२ गुणिले दहाचा उणे पंधरावा घात. त्याला इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने, १.६०२ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात या आकड्याने गुणलं की प्लांकचा स्थिरांक ६.९ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात येतो. खरी किंमत ६.६२६. दोनच बिंदूंवर समाधान मानू नका; पाचही बिंदू आलेखावर मांडा आणि रेषेचा चढ काढा. उत्तर दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकाने आलं तरी प्रयोग नीट झाला असं समजा.

हिरव्याचा बिंदू बहुतेक वेळा रेषेपासून थोडा बाजूला पडतो. आधी तपासा की दुकानदाराने ५२५ नॅनोमीटरचा नवा हिरवा दिला आहे की ५६५चा जुना पोपटी. तरंगलांबी बरोबर असूनही बिंदू जुळत नसेल तर तो खोडू नका, आलेखावर तसाच राहू द्या. परीक्षक त्याच्याबद्दलच विचारतील आणि उत्तर तुमच्याजवळ असेल: लाल-पिवळे एलईडी एका अर्धवाहक मिश्रणाचे असतात, हिरवे-निळे दुसऱ्या, आणि फोटॉन तयार करण्याखेरीजचा व्होल्टेजचा वाटा प्रत्येक मिश्रणात सारखा नसतो.